शिडी नसलेला मनोरा आणि बढतीची फाईल

शासकीय महाविद्यालय असो, विद्यापीठ असो की संशोधन संस्था, आमच्या समाजातला माणूस आत शिरला की प्रस्थापितांना वाटते, आता याचे देणे फिटले. नोकरी दिली, पगार दिला, आणखी काय पाहिजे? पुढे बढतीची वेळ येते तेव्हा खरा खेळ सुरू होतो. फाईल सापडत नाही. गोपनीय अहवालात एक शेरा खाली उतरतो. ज्येष्ठता यादीत नाव सरकते. वकिलीच्या व्यवसायात अशी प्रकरणे आमच्याकडे सातत्याने येतात आणि येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, एवढे शिकूनही आमच्या वाट्याला हेच का? त्यांना आम्ही कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी बाबासाहेबांच्या नोकरीचा काळ आठवायला सांगतो. घटनाकार बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. सरकारी महाविद्यालयात हजेरीपटावर सही करणारे बाबासाहेब मात्र जयंतीच्या भाषणात क्वचितच येतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, वडील सुभेदार रामजी यांचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करायची असा करार होता. कोलंबिया विद्यापीठातून एम. ए. होऊन, पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण करून आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून ते करार पाळण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला पोहोचले. महाराजांनी त्यांना मिलिटरी सेक्रेटरीचे पद दिले. पद मोठे होते, पण कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर फाईल लांबून फेकत होता. प्यायला पाणी मिळत नव्हते. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी उतारगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. त्या दिवशी कमाठी बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. संस्थानच्या कारभाऱ्यांकडे दाद मागून उपयोग झाला नाही. शेवटी ते मुंबईला परतले.

नेमणुकीचा हुकूम महाराजांच्या हातात असतो, पण ती नेमणूक चालवायची की मोडायची हे कचेरी ठरवते. आजच्या आस्थापना शाखेतही हेच घडते. फाईल आता फेकली जात नाही, ती दाबून ठेवली जाते एवढाच फरक!

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. जागा हंगामी, पगार महिना साडेचारशे रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटले, हा अस्पृश्य आपल्याला काय शिकवणार? थोड्याच दिवसांत इतर कॉलेजांचे विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानाला येऊन बसू लागले. म्हणजे लायकीचा प्रश्न वर्गात सुटला होता. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र तो सुटला नाही. तेथील पाण्याच्या मडक्याला या प्राध्यापकाने हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. गुणवत्तेची टिमकी वाजवणाऱ्यांनी ही गोष्ट नीट वाचावी. गुणवत्ता सिद्ध झाल्यावरही मडके वेगळेच राहिले, तर अडचण गुणवत्तेची होती असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

सिडनहॅमच्या त्या नोकरीत असतानाच बाबासाहेबांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची आणि प्रतिनिधित्वाची मागणी मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीने मूकनायक सुरू केले. स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे संपादक म्हणून आपले नाव घालता येत नव्हते, म्हणून ते पांडुरंग भटकर यांचे घातले गेले. पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. या मनोऱ्याला शिडी नाही, त्यामुळे ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण, असा त्या विवेचनाचा आशय होता. नोकरीतल्या बढतीचा प्रश्न दुसरा काय आहे? तळमजल्यावर जागा दिली आणि शिडी काढून घेतली, तर मनोरा जुनाच राहतो.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. एवढ्या पदव्यांच्या बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देत नव्हते, कारण तेच जुने. प्रपंच चालवण्यासाठी जून १९२५ पासून जवळपास तीन वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. जून १९२८ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली, तीही हंगामीच. मार्च १९२९ मध्ये ती संपली. १९३४ मध्ये ते पुन्हा तेथे शिकवू लागले आणि १ जून १९३५ रोजी त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अवघ्या पाच दिवसांपूर्वी, २७ मे रोजी, माता रमाई गेल्या होत्या. हंगामी प्राध्यापकाच्या पगारात ज्या माउलीने संसार ओढला, तिला प्राचार्याच्या घरातले चार दिवसही बघायला मिळाले नाहीत.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाडच्या चवदार तळ्याचा दावा सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दाखल केला होता. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे मनाई करणारी वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. सत्याग्रहासाठी हजारोंचा समुदाय महाडला जमला, तरी बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. त्यांनी कागद गोळा केले, साक्षीपुरावा उभा केला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात दावा फेटाळला गेला. १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलात निकाल कायम राहिला. वादी उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी तेथेही हरले. अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. म्हणजे शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य ज्या काळात विद्यार्थ्यांना कायदा शिकवत होते, त्याच काळात सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा अधिकार त्यांना आहे की नाही, याचा खटला त्यांच्याच शहराच्या उच्च न्यायालयात चालू होता! पद मिळाले म्हणून अपमान संपत नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

पद मिळाले म्हणून बाबासाहेब गप्पही बसले नाहीत. प्राचार्यपदावर असतानाच १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतर घोषणा झाली. १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने निघाले आणि स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावरही त्यांनी लिहिले. १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले. बढतीनंतर समाजाकडे पाठ फिरवणाऱ्या आमच्या काही साहेब मंडळींनी या तीन वर्षांचा हिशेब जरूर मांडावा.

वैयक्तिक अनुभवाचे रूपांतर त्यांनी नियमात केले, हे बाबासाहेबांचे वेगळेपण. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला गव्हर्नर जनरलपुढे अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. सरकारी नोकऱ्यांत आमचे लोक किती आणि कोणत्या पायरीवर, हे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. जून १९४६ मध्ये हे प्रमाण साडेबारा टक्के झाले. हे हुकूम सरळ भरतीपुरते होते. दार उघडले होते, शिडी अजून लागायची होती.

ती जागा घटनेत तयार झाली. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत आजच्या सोळाव्या कलमावर चर्चा झाली. इतिहासाच्या ओघात प्रशासन काही मोजक्या समाजांच्या हाती राहिले असल्याने आजवर बाहेर राहिलेल्यांना आत येण्याची तरतूद हवी, असे बाबासाहेबांनी समजावून सांगितले. संधीची समानता हे मूळ तत्त्वही टिकावे, म्हणून राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. कलम १६(४) मध्ये नियुक्ती आणि पद असे दोन्ही शब्द आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर १९६१ च्या रंगाचारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दयोजनेचा अर्थ लावून बढतीतील आरक्षण वैध ठरवले. निकाल तीन विरुद्ध दोन मतांचा होता. शिडी एका मताने टिकली!

पुढे ती पुन्हा पुन्हा ओढली गेली. १६ नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालात बढतीतील आरक्षण घटनेत बसत नाही असे ठरले. १९९५ च्या सत्त्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १६(४ अ) कलम आणून ते परत मिळवले. २००१ च्या पंच्याऐंशीव्या दुरुस्तीने त्यासोबतची ज्येष्ठता दिली. २००६ च्या नागराज निकालाने आकडेवारीच्या अटी घातल्या. २०१८ च्या जर्नेलसिंग निकालाने अनुसूचित जाती-जमातींचे मागासलेपण पुन्हा सिद्ध करण्याची अट काढली, पण क्रीमी लेयरचे तत्त्व बढतीत आणले. महाराष्ट्रात पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मे २०२१ रोजी मात्र पदोन्नतीच्या जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचा शासन निर्णय काढून मोकळे झाले. विद्यापीठांत विभाग हा घटक धरून तेरा बिंदूंची नामावली लादली गेली, तेव्हा रस्त्यावर उतरल्यावर २०१९ चा केंद्रीय शिक्षण संस्थांचा कायदा मिळाला. तोही सरळ भरतीपुरताच आहे.

मग बढती नाकारलेल्या आमच्या प्राध्यापकाने, लिपिकाने, प्रयोगशाळा सहायकाने काय करावे? बाबासाहेबांनी महाडच्या दाव्यात केले तेच. कागद गोळा करावा. आरक्षण बाजूला ठेवले तरी पात्र माणसाचा बढतीसाठी विचार होणे हा सोळाव्या कलमाखालचा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या अजितसिंग निकालात सांगितले आहे. गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे २००८ च्या देवदत्त निकालाने ठरवले. केवळ प्राथमिक चौकशी चालू आहे म्हणून बढती मोहोरबंद पाकिटात ठेवता येत नाही, त्यासाठी आरोपपत्र बजावलेले असावे लागते, हे १९९१ च्या जानकीरामन निकालापासून ठरलेले आहे. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. सेवापुस्तक वर्षातून एकदा डोळ्यांखालून घाला. माहिती अधिकारात बिंदुनामावली आणि पदोन्नती समितीचे इतिवृत्त मागा.

मुदतीचे भान तर सर्वांत आधी हवे. शासकीय कर्मचाऱ्याला प्रशासकीय न्यायाधिकरणात जाण्यासाठी अंतिम आदेशापासून एक वर्ष मिळते. खाजगी शाळेत बढतीत डावलले गेले तर १९७७ च्या कायद्याच्या नवव्या कलमाखाली अपिलाला फक्त तीस दिवस असतात. साहेबांनी तोंडी आश्वासन दिले, पुढच्या बैठकीत बघू म्हणाले, या भरवशावर आमचे लोक वर्षे घालवतात, अर्जावर अर्ज करत राहतात आणि मग वकिलाकडे येतात. नुसत्या अर्जांनी मुदत वाढत नाही. त्या वेळी खरी बाजू असूनही हात बांधले जातात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आणखी एक. महाडचा दावा बाबासाहेब एकटे लढले नाहीत. सहकारी प्रतिवादी होते, मागे समाज उभा होता. आज एखाद्या संस्थेत एका प्राध्यापकाची बढती अडते तेव्हा त्याच संस्थेतले आमचे दहा जण बाजूला होतात, कारण प्रत्येकाची स्वतःची फाईल साहेबांच्या टेबलावर असते. व्यवस्थेला हेच हवे आहे. कर्मचारी संघटनांनी जयंतीच्या वर्गणीतून एक वाटा न्यायालयीन लढ्यांसाठी काढावा. प्रत्येक संस्थेत बिंदुनामावली तपासणारे दोन जाणकार तयार करावेत. डावललेल्या माणसाच्या सुनावणीला चार जणांनी रजा टाकून कोर्टात बसावे. महाडचा निकाल लागायला जवळपास दहा वर्षे लागली, पण लागला तो आपल्या बाजूने, कारण कोणी मैदान सोडले नाही आणि कागद पुरा होता. बांधवांनो, आपल्या फाईलचा कागद आजच तपासा.

जयभीम!