कर्नल सँडर्स : रस्ता वळला, चव टिकली

केंटकी फ्राइड चिकनच्या फलकावरील पांढरी दाढी, चष्मा आणि काळ्या रिबनच्या टायमधील हसरा चेहरा हा कुणा चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेला नाही. तो हारलँड सँडर्स यांचा आहे. खाद्यव्यवसायाचे भवितव्य किती प्रमाणात मालकाच्या हाती असते आणि किती बाहेरच्या परिस्थितीच्या, याचे त्यांचे आयुष्य हे बोलके उदाहरण आहे.

९ सप्टेंबर १८९० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आईला कामासाठी घराबाहेर पडावे लागले आणि धाकट्या भावंडांसाठी स्वयंपाक करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. शाळा लवकर सुटली. शेतमजुरी, रेल्वे इंजिनावरील काम, विमाविक्री असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. परंतु कोठेही जम बसला नाही.

१९३० मध्ये केंटकी राज्यातील कॉर्बिन येथे त्यांनी पेट्रोल पंप चालवायला घेतला. मंदीचा काळ होता. पंपावर थांबणाऱ्या प्रवाशांना ते स्वतःच्याच जेवणाच्या टेबलावर जेवू घालू लागले. हळूहळू पंपापेक्षा जेवणाचीच ख्याती झाली. १९३५ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी त्यांना 'कर्नल' हा मानाचा किताब दिला.

मात्र कोंबडी तळायला अर्धा तास लागे आणि वाटेवरच्या गिऱ्हाईकाला तेवढी सवड नसे. १९३९ मध्ये त्यांनी त्या वेळी नव्या असलेल्या प्रेशर कुकरचा तळण्यासाठी उपयोग सुरू केला. वेळ वाचला, चवही राखली गेली. अकरा मसाल्यांचे मिश्रणही लवकरच निश्चित झाले. ही व्यवसायाची आतली ताकद होती.

बाहेरची परिस्थिती मात्र अनुकूल नव्हती. महायुद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आल्याने प्रवासी रोडावले. पुढे नव्या आंतरराज्य महामार्गाची आखणी कॉर्बिनला वळसा घालून झाली. स्वच्छता, चव, सेवा यांत कोणतीही उणीव नसताना उपाहारगृह ओस पडणार होते. १९५६ मध्ये त्यांनी ते तोटा सोसून विकले. पासष्टी ओलांडलेल्या सँडर्स यांच्यापाशी थोडी बचत आणि दरमहा १०५ डॉलरचे सरकारी निवृत्तिवेतन उरले.

जागा गेली तरी पद्धत त्यांच्याकडेच होती. सॉल्ट लेक सिटीतील पीट हार्मन यांना त्यांनी १९५२ मध्येच ती दिली होती. आता कुकर आणि मसाला मोटारीत घालून ते गावोगावच्या उपाहारगृहांचे दार ठोठावू लागले. प्रसंगी मोटारीतच झोपत. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे काही सेंट, एवढाच करार असे. १९६४ पर्यंत अशा उपाहारगृहांची संख्या ६०० च्या वर गेली.

त्याच वर्षी त्यांनी वीस लाख डॉलरना कंपनी विकली. चेहरा त्यांचा राहिला, स्वयंपाकघर दुसऱ्यांचे झाले. ग्रेव्हीचा दर्जा घसरल्याची टीका ते जाहीरपणे करीत. १९७३ मध्ये त्यांनी आपल्या प्रतिमेच्या वापरावरून मालक कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली; वाद तडजोडीने मिटला.

१६ डिसेंबर १९८० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. महामार्गाने हिरावलेले त्यांनी पुन्हा उभे केले. स्वतःच्या सहीने दिलेल्या चवीवरचा अधिकार मात्र त्यांना परत मिळाला नाही.