गाणे शिकायला गेलेला चाबूकस्वार

लहानपणी गावात सर्कस आली की आम्ही मुले हत्तीसाठी जात नसू, सिंहासाठीही नाही. आमची सारी नजर विदूषकावर. झुल्यावरची मंडळी एकामागून एक सफाईने पलीकडे जात आणि शेवटी ढगळ विजारीतला तो प्राणी निघे, त्याचा हात सुटे, विजार झुल्याला अडकून राही, आणि आम्ही हसून हसून बाकावरून खाली यायचे तेवढे बाकी राहत असू. असे नेमके चुकता येण्यासाठी आधी ती सगळी कसरत बिनचूक यावी लागते, हे फार पुढे कळले. विदूषक हा बहुधा त्या तंबूतला अतिशय कसलेला गडी असतो. ज्याला पडता येते त्याला चढता आलेले असते.

याहूनही उशिरा कळलेली गोष्ट अशी की, हा तंबू, हे झुले, हे घोड्यांचे रिंगण हिंदुस्थानी माणसाच्या मालकीने आपल्याकडे प्रथम उभे केले ते आपल्याच कृष्णाकाठच्या एका माणसाने. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे त्यांचे नाव. सर्कशीचा इतिहास सांगणारे त्यांची गोष्ट मुंबईच्या क्रॉस मैदानापासून सुरू करतात. मला मात्र ती ग्वाल्हेरपासून सुरू करावीशी वाटते. कारण विष्णुपंत तरुणपणी घर सोडून ग्वाल्हेरला गेले ते घोडे फिरवायला शिकण्यासाठी नव्हे. ते गेले होते गाणे शिकायला.

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या दशकातला, गाव अंकलखोप. औदुंबरच्या दत्तक्षेत्राला गेलेल्यांना हे गाव ठाऊक असेल. ते आज सांगली जिल्ह्यात येते. तेव्हाचा हा सारा मुलूख पटवर्धनांच्या लहानमोठ्या संस्थानांत वाटलेला होता. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी ही गावे आज दोन राज्यांत विभागली असली तरी त्या काळी नातीगोती, नोकऱ्या आणि कीर्तनकार यांच्या दृष्टीने तो एकच प्रदेश होता, आणि मराठी कुठे संपते व कन्नड कुठे सुरू होते हे तिथल्या बाजारात कोणी विचारीत नसे. अशा मुलखातल्या ब्राह्मणाच्या मुलाने चार अक्षरे शिकावी, एखाद्या दरबारात कारकुनी धरावी, असा रिवाज. विष्णुपंतांचे लक्ष मात्र पुस्तकापेक्षा जनावरांकडे आणि गाण्याकडे. या दोन्ही नादांची घरात काय किंमत होत असेल याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यालाही करता येईल, कारण त्या किमतीत आजही फारसा फरक पडलेला नाही.

आता ग्वाल्हेरच का, हे थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे ख्याल गायकीचे बी तोवर रुजले नव्हते. ज्याला ते गाणे हवे त्याला उत्तरेकडे चालू लागण्यावाचून गत्यंतर नव्हते. ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी. दरबारात, लष्करात, सरदारांच्या वाड्यांत मराठी चाले. दक्षिणेतून गेलेल्या मुलाला निदान भाकरी मागताना परकी भाषा लागत नसे. रेल्वे अजून ग्वाल्हेरला पोहोचली नव्हती. मुंबई–आग्रा रस्त्याने, जमेल ते वाहन आणि बाकी पायी, असा तो प्रवास. आज आपण गाडीत एक रात्र अवघडून काढली तरी कुरकुरतो!

दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने ग्वाल्हेर पाहण्याचा योग मला आला. किल्ला पाहिला, तानसेनाची कबर पाहिली आणि तिच्याजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला तर गळा गोड होतो ही दंतकथाही ऐकली. (मी खाल्ला. परिणाम नाही.) पण माझ्या डोक्यात सारखे येत होते ते हे की, विष्णुपंत आले तेव्हा हे शहर कसे दिसत असेल. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीने याच शहरात देह ठेवला. त्या वर्षीच किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८८६ पर्यंत तो शिंद्यांना परत मिळाला नाही. म्हणजे खाली गावात जयाजीराव शिंद्यांचे राज्य आणि वर डोक्यावर इंग्रजांचे निशाण. जयाजीरावांना कवायतीचा आणि घोड्यांचा मोठा शौक. मुलूख जिंकण्याचे दिवस संपले होते, तलवारीला काम उरले नव्हते. जे कसब रणांगणात लागायचे ते आता पागेत आणि कवायतीच्या मैदानावर राहिले होते. जुने घोडेस्वार आपली विद्या उराशी धरून बसले होते, आणि ती शिकायला येणारा मुलगा भेटला तर त्यांना तो हवाच होता.

गाण्याचा मामला वेगळा. तिथे शिकायला येणारे पुष्कळ, शिकवणारे थोडे आणि तेही मुठी आवळून बसलेले. हस्सूखाँ, हद्दूखाँ आणि नत्थूखाँ ही ग्वाल्हेर घराण्याची त्रयी. हस्सू–हद्दू या भावांबद्दल अशी आख्यायिका सांगतात की, शिंद्यांच्या दरबारातले बडे महंमदखाँ यांची तानबाजी त्यांनी पडद्याआड बसून महिनोगणती ऐकली आणि हुबेहूब उचलली. ज्यांनी स्वतः विद्या अशी चोरून मिळवली ते ती दुसऱ्याला चोरू कशी देतील? विष्णुपंत पोहोचले तेव्हा या घराण्याचे नाव हद्दूखाँ चालवीत होते. त्यांच्याकडे तालीम मिळायची तर उस्तादाची सेवा, त्याची मर्जी आणि अमाप धीर यांची पुंजी लागे. त्या पुंजीवर विष्णुपंत टिकले. हद्दूखाँच्या शागिर्दांत त्यांचे नाव घेतले जाते. दक्षिणेतला एक ब्राह्मण तरुण मुसलमान उस्तादाच्या घरी शागीर्द म्हणून राबतो, याला त्या काळी किती धैर्य लागत असेल हे मी आजच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आणि याच शहरात त्यांना दुसरे गुरू भेटले. बाबासाहेब आपटे हे ग्वाल्हेरचे नामांकित अश्वविद्याविशारद. अवखळ घोड्याला माणसाळवणे, त्याला चाल लावणे, खोगिराशिवाय बसणे, धावत्या घोड्यावर उभे राहणे हे सारे त्यांच्यापाशी होते. विष्णुपंतांनी त्यांचीही शागिर्दी पत्करली. पागा आणि गाण्याची बैठक अशा दोन शाळा एकाच वेळी! आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या मुलाने संस्कृत घेतो म्हटले तर कार्यालयात केवढा गहजब होतो ते आपण जाणतोच.

पण या दोन विद्या एकमेकींपासून खरेच तितक्या दूर आहेत का? मला स्वतःला तसे वाटत नाही. घोडा दुडक्या चालीने जातो तेव्हा त्याच्या टापांचे दोन ठोके पडतात. वेग वाढून उडत्या चालीवर आला की तीन. चौखूर उधळला की चार. उभ्या स्वाराने तोल सांभाळायचा तो डोळ्यांनी नव्हे, या ठोक्यांच्या अंदाजाने. लय ज्याच्या अंगात मुरलेली आहे त्याचे पाऊल योग्य क्षणी उचलले जाते. सर्कशीचे रिंगण गोल का असते याचेही कारण असेच आहे. १७६८ साली लंडनला फिलिप ॲस्ले या माजी घोडेस्वार सैनिकाने गोल रिंगणात घोडा पळवून दाखवायला आरंभ केला. घोडा एका गतीने वर्तुळात धावू लागला की स्वार आतल्या बाजूला झुकतो. बाहेर फेकू पाहणारी ओढ आणि त्याचे झुकणे यांचा मेळ बसला की सरळ रस्त्यापेक्षा रिंगणात उभे राहणे सोपे जाते. रिंगणाचा व्यास बेचाळीस फूट ठरून गेला तो आजतागायत. समेवर परत येणाऱ्या आवर्तनाशी ज्याची ओळख आहे त्याला या रिंगणाचे नवल वाटले नसेल. हा माझा तर्क आहे. संगीताच्या प्राध्यापकांनी हसावे किंवा रागवावे.

पुढे विष्णुपंत दक्षिणेत परतले आणि कुरुंदवाडच्या पटवर्धनांकडे चाबूकस्वार म्हणून राहिले. इथे मनाला एक प्रश्न पडतो. गाण्यासाठी घर सोडलेला मुलगा परत आला तो गवई म्हणून नव्हे, घोडी फिरवणारा म्हणून. गावातल्या लोकांनी काय म्हटले असेल? उस्तादाच्या घरी काढलेली वर्षे फुकट गेली असेच ना? विष्णुपंत गात असत, गाण्यातले त्यांना उत्तम कळे, पण त्यांची भाकरी आली पागेतून. शिकायला गेले एक आणि हाताला लागले दुसरे.

त्यानंतरची हकिकत प्रसिद्धच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८८० च्या सुमारास इटालियन किआरिनीची सर्कस मुंबईत आली. हिंदुस्थानी लोकांना असले काही उभे करायला अजून पुष्कळ काळ लागेल, अशा अर्थाचे काही तो बोलला आणि ते कुरुंदवाडच्या मंडळींना झोंबले, असे सांगतात. विष्णुपंतांनी ते आव्हान उचलले आणि ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. ती देशभर हिंडली, समुद्रापार सिलोन आणि सिंगापूरकडेही गेली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस केरळात तेलिचेरीला तिचा मुक्काम पडला तेव्हा तिथले कसरतीचे शिक्षक कीलेरी कुंहिकण्णन हे विष्णुपंतांना भेटले. पुढे त्यांनी मुले तयार केली आणि तेलिचेरी हे सर्कशीच्या कलावंतांचे माहेरघर बनले. माझ्या लहानपणीचा तो ढगळ विजारीचा विदूषकही कदाचित त्याच बाजूचा असेल.

ग्वाल्हेरचे गाणे मात्र विष्णुपंतांना विसरले नव्हते, आणि तेही त्याला. हद्दूखाँ १८७५ साली वारले. त्यांचा मुलगा रहिमतखाँ हा अलौकिक गळ्याचा गवई. पण वडील गेले, भाऊ गेला, मनाचा तोल ढळला, अफूची सवय लागली आणि तो रस्तोरस्ती भटकू लागला. सर्कशीच्या फिरतीवर असताना विष्णुपंतांना तो काशीला सापडला. सांगतात की, त्यांनी त्याला चेहऱ्यावरून नव्हे, गळ्यावरून ओळखले. भिकाऱ्याच्या अवतारातला माणूस हद्दूखाँची तान घेतो आहे, हे ज्याने त्या घरी वर्षे काढली त्यालाच कळणार! ती वर्षे फुकट गेली होती की नाही, याचे उत्तर मला तरी काशीच्या त्या रस्त्यावर मिळते.

विष्णुपंतांनी गुरुपुत्राला बरोबर घेतले. वाघ, घोडे, कसरतपटू आणि त्यांच्यात हा एक गवई असा तो लवाजमा गावोगाव फिरू लागला. सर्कशीचा जिथे मुक्काम असे तिथे रहिमतखाँची बैठक होई. त्याला सांभाळणे सोपे नव्हते. तो लहर लागली तर गाई, नाही तर नाही; जेवणाखाण्याची शुद्ध नसे. जनावरांना माणसाळवण्यात ज्याने जन्म घालवला त्याला या माणसाशी कसे वागावे हे बरोबर उमगले असावे. तिथे चाबकाचा उपयोग नव्हता. ‘भूगंधर्व’ या नावाने रहिमतखाँ पुढे ओळखला गेला.

त्याच्या गळ्याचा ठसा आपल्या भागावर किती खोल उमटला ते पाहा. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ यांनी रहिमतखाँना ऐकले आणि त्यांच्या गाण्याचा रंगच पालटला. त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. दुसऱ्या वाटेने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी मिरज–इचलकरंजीकडे आणली. त्यांचे एक शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म कुरुंदवाडचा. दुसरे नीलकंठबुवा आलूरमठ, ज्यांच्यापाशी मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. आपल्या या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांनी धारवाडच्या गाण्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्या गाण्याचा एक धागा सर्कशीच्या तंबूतून आलेला आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच विष्णुपंत गेले. सर्कस त्यांचे बंधू काशीनाथपंत यांच्याकडे आली, आणि सर्कशीबरोबर रहिमतखाँही. छत्र्यांच्या घरच्यांनी त्यांना अंतर दिले नाही. उतारवयात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर त्यांचा आवाज मुद्रित झाला, म्हणून तो आज आपल्याला ऐकायला तरी मिळतो. ऐकताना खरखर फार आहे; दोनदा ऐकावे लागते. १९२२ साली रहिमतखाँ वारले ते कुरुंदवाडला. ग्वाल्हेर दरबारच्या उस्तादाचा तो मुलगा कृष्णा–पंचगंगेच्या काठच्या त्या लहानशा गावात, आपल्या बापाच्या शागिर्दाच्या माणसांत, मातीआड झाला.