नेव्हिल डिसूझा : चार गोलांमागचे शहर

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यातील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस होते. हा पराक्रम केवळ उपजत गुणांचा होता असे मानणे सोपे आहे. परंतु ते अर्धेच सत्य आहे.

डिसूझा यांचा जन्म ३ जुलै १९३२ रोजी गोव्यातील आसगाव येथे झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणे हा तेथील कित्येक कुटुंबांचा परिपाठ होता. डिसूझा मुंबईत आले तेव्हा या शहरात फुटबॉलची घडी अर्ध्या शतकाहून अधिक काळ बसलेली होती. रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, हारवूड लीग १९०२ साली आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ साली. प्रारंभी हा गोऱ्या पलटणींचा खेळ होता. रोव्हर्स चषक भारतीय संघाच्या हाती लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तथापि लीगचे वेळापत्रक, कूपरेजचे मैदान आणि जाणकार प्रेक्षक एवढे धन त्या पलटणींच्या पश्चात शहराकडे राहिले.

या व्यवस्थेचा खरा कणा मात्र नोकरी हा होता. व्यावसायिक फुटबॉल नसलेल्या त्या काळात खेळाडूची चूल पेटत असे ती रेल्वे, गिरण्या आणि मोठ्या कंपन्या यांच्या पगारावर. डिसूझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कालटेक्सकडून खेळले. १९५४ साली मुंबईने संतोष चषक प्रथमच जिंकला, त्या संघात ते होते. १९५८ साली कालटेक्सने रोव्हर्स चषक पटकावला, त्या यशातही त्यांचा मोठा वाटा होता.

मेलबर्नच्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे पेशाने शिक्षक. चार वर्षांपूर्वी हेलसिंकी येथे अनवाणी खेळून युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा दारुण पराभव पत्करलेला भारत आता बूट घालून आणि आखणी करून उतरला होता. उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल डिसूझा यांनीच केला. पुढे सामना ४-१ असा हातचा गेला, बल्गेरियाकडून ३-० अशी हार पत्करावी लागून कांस्यपदकही हुकले. पण चार गोलांसह डिसूझा स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत जाऊन बसले.

१९८० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १९७८ साली, कालटेक्स कंपनी हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली होती. रोव्हर्स चषकही या शतकाच्या प्रारंभी बंद पडला. ज्या शिडीने डिसूझा वर चढले, तिच्या पायऱ्या एकेक करून निखळल्या.

भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावात चपळ पायांच्या मुलांचा तुटवडा असण्याचे कारण नाही. भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतातही चेंडू घरंगळतो. प्रश्न पुढचा आहे : त्या मुलाला शाळेचा संघ, तालुक्याची लीग, जिल्ह्याचे मैदान आणि अखेरीस पोटाला आधार देणारी नोकरी कोण देणार? आसगावच्या मुलाला मुंबईने हे सारे दिले, म्हणून देशाला डिसूझा लाभले. गुण गावोगावी जन्मतात. त्यांना आकार देणारी व्यवस्था मात्र माणसांना उभी करावी लागते आणि टिकवावीही लागते.