वस्ताद लहुजी साळवे



मी रोज पहाटे तालमीत जातो. जोर-बैठका मारतो, तांबडी माती अंगाला लावतो. श्रावणात एके दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी भांडण झालं. मी आमच्या शाळेतल्या एका लहान मुलाला ढाक मारून पाडलं. त्याचं कोपर फुटलं. मला वाटलं, तालमीत माझी शाबासकी होईल. पण वस्तादांनी माझा लंगोट खुंटीला टांगला आणि पंधरा दिवस मातीत उतरायचं नाही म्हणून सांगितलं. मी लई रडलो. घरी आबांनी जवळ बसवून मला लहुजी वस्तादांची गोष्ट सांगितली. पुढं गुरुजींनी पुस्तक दिलं. त्यातून जे समजलं ते लिहितो.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठ गावी झाला. म्हणजे ते आपल्या पुणे जिल्ह्याचेच. वडिलांचे नाव राघोजी, आईचे नाव विठाबाई. घराणे मातंग समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे गडाच्या राखणीचे काम. त्यामुळे लहुजींची पहिली शाळा म्हणजे घरचे अंगण आणि पहिले गुरू म्हणजे वडील. तलवार, भाला, दांडपट्टा, घोड्यावर बसणे, नेम धरणे हे सगळे ते राघोजींच्या हाताखाली शिकले.

दांडपट्टा म्हणजे काय ते पुष्कळांना ठाऊक नसेल. त्याचे पाते लांब असते आणि छडीसारखे लवते. मुठीच्या जागी कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो. त्यात हात घातला की मनगट वळत नाही. पट्टा फिरवायचा तो खांद्याने, कमरेने आणि पायाच्या पवित्र्याने. पाय चुकला तर पाते फिरवणाऱ्यालाच लागते. म्हणून रागावलेल्या माणसाच्या हाती पट्टा देत नाहीत, असे आबा म्हणाले. हे ऐकून मी खाली मान घातली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकी येथे पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या लढाईत राघोजी कामी आले. लहुजींना तेवीस वर्षे पुरी व्हायला तेव्हा नऊ दिवस कमी होते. त्याच महिन्याच्या १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बापही गेला आणि राज्यही गेले. राघोजींची समाधी पुण्यात वाकडेवाडीला आहे.

मित्रांनो, अशा वेळी आपण काय केले असते? एखादा रागाच्या भरात धावून गेला असता आणि मेला असता. लहुजींनी तसे केले नाही. एकट्याच्या तलवारीने राज्य परत येत नाही, त्यासाठी पुष्कळ माणसे तयार व्हावी लागतात, हे त्यांनी ओळखले. १८२२ च्या सुमारास त्यांनी पुण्यात तालीम सुरू केली. त्यांनी लग्न केले नाही. सगळे आयुष्य पोरे घडवण्यात घातले. गंज पेठेत लहुजी वस्तादांची तालीम आजही दाखवतात.

त्या काळी शिवाशिव फार कडक होती. मातंग माणसाची सावलीसुद्धा लोक टाळत. पण या तालमीत कोण कुठल्या जातीचा हे बघितले जात नव्हते. ब्राह्मण, माळी, मातंग, सगळी पोरे एकाच मातीत घाम गाळत. ज्या माणसाला बाहेर लोक हात लावत नसत, त्याच्याच पाया पडून पोरे पट्टा उचलत. मला हे फार मोठे वाटते. मातीत उतरल्यावर अंगाला एकच रंग लागतो, हे तर मी रोजच बघतो.

गंज पेठेतच जोतीराव फुले राहत. ते लहुजींपेक्षा बत्तीस वर्षांनी लहान. जोतीराव दांडपट्टा आणि नेमबाजी लहुजींच्याकडे शिकले. पुढे वासुदेव बळवंत फडके हेही त्यांचे शिष्य झाले. फडक्यांनी १८७९ साली इंग्रजांविरुद्ध बंड केले.

पण जोतीरावांनी पट्टा ठेवून हाती खडू घेतला. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे त्यांनी अस्पृश्य मुलांसाठीही शाळा काढल्या. दुसरा एखादा वस्ताद असता तर म्हणाला असता, एवढं शिकवलं आणि पोरगं पाटी-पेन्सिलीच्या नादी लागलं! लहुजी तसे म्हणाले नाहीत. लोक मुले शाळेत घालायला भीत होते, तेव्हा ते स्वतः आपल्या लोकांकडे गेले, आईबापांची समजूत घातली आणि मुलांना शाळेत धाडले. शिष्याने काढलेल्या शाळेसाठी गुरू दारोदार हिंडला!

त्यांच्या घराण्यातली मुक्ता साळवे ही मुलगीही फुल्यांच्या शाळेत शिकली. अवघ्या चौदाव्या वर्षी तिने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. आज पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी तो निबंध लोक वाचतात. तिच्या हातात पट्टा नव्हता, लेखणी होती. तरी तिचा वार बरोबर लागला.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजी वस्तादांचे निधन झाले. त्यांची समाधी पुण्याला संगमवाडीत आहे. बरोबर दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांचे शिष्य वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले.

मला आधी वाटायचं, वस्ताद म्हणजे सगळ्यांत जास्त ताकदीचा माणूस. आता वाटतं, जो दुसऱ्याला उभं करतो तो वस्ताद. लहुजींचे एक शिष्य बंडात उतरले, एकाने शाळा काढली. दोघेही त्यांचेच. ताकद कशासाठी वापरायची हे ज्याला कळलं, त्याचंच शिक्षण पुरं झालं.

पंधरा दिवस संपल्यावर वस्तादांनी माझा लंगोट खुंटीवरून काढून दिला. त्याआधी ते म्हणाले, त्या मुलाला भेटून ये. मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर पाढे म्हणत बसला होता. मी माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण सरकून मला बसायला जागा दिली. त्याला तेराचा पाढा येत होता, मला येत नव्हता. आता मी त्याच्याकडून पाढे शिकतो. दिवाळीनंतर तो माझ्याबरोबर तालमीत येणार आहे. पहिले दंड त्याला मीच शिकवणार.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. भित्तिपत्रक वाचून तो ओळखेलच.

इयत्ता सातवी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बावडा