उकिरड्याचे दैव पालटविणारा शास्त्रज्ञ

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी ही मुदत तीन महिन्यांवर आणली. गोठ्यातले शेण, शेतातला पालापाचोळा आणि चुलीतली राख एवढ्या भांडवलावर उत्तम खत कसे करावे, याची शास्त्रशुद्ध रीत त्यांनी सिद्ध केली आणि ज्या गावात ती आकाराला आली, त्या होळकरांच्या इंदूरचे नाव तिला दिले. आज शहरातल्या गच्चीवर चार कुंड्या मांडणारा नवशिका खतांच्या दुकानात रंगीत बाटल्या आणि महागड्या पिशव्यांपुढे गोंधळून उभा राहतो. त्याच्या प्रश्नाचे स्वस्त आणि सोपे उत्तर या इंग्रज माणसाने ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या बिशप्स कॅसल येथे शेतकरी कुटुंबात झाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस येथे गेले आणि उसावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करू लागले. १९०३ पासून दोन वर्षे केंटमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप या वेलीवर संशोधन केले. पदव्या होत्या, प्रयोगशाळा होती, सूक्ष्मदर्शक होता. नव्हती ती स्वतःची जमीन. ज्या पिकावर शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, ते पीक आपण स्वतः पिकवलेले नाही, ही बोच त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढचे सारे आयुष्य या एका अस्वस्थतेतून घडले.

पुसातील ‘गुरू’

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील नव्या कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रातील नामवंत संशोधक होत्या. केंब्रिजमध्ये त्यांनी प्रकाशसंश्लेषणावर महत्त्वाचे काम केले होते. मात्र त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. भारतात आल्यावर त्यांनी पतीच्या बरोबरीने काम केले आणि पुढे सरकारनेही त्यांची शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. हॉवर्ड यांच्या नावावर जमा असलेल्या त्या काळातील बहुतेक संशोधनात अर्धा वाटा गॅब्रिएल यांचा आहे, हे विसरता कामा नये.

पुसा येथे हॉवर्ड यांना प्रथमच ७५ एकर जमीन स्वतःच्या प्रयोगांसाठी मिळाली. कामाला लागण्यापूर्वी त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांची शेते न्याहाळली. ना रासायनिक खत, ना कीटकनाशक. तरीही पिके निरोगी होती. साम्राज्याच्या वतीने शिकवायला आलेल्या या शास्त्रज्ञाने मग उलटा निर्णय घेतला. बिहारचा शेतकरी आणि पिकावरची कीड, या दोघांनाच त्यांनी गुरू मानले. कीड का आली, याचा अर्थ जमिनीत वा मशागतीत कुठे चुकले, असा ते लावू लागले. या दांपत्याने निर्माण केलेल्या ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ या गव्हाच्या जाती उत्तर भारतात दूरवर पसरल्या. क्वेट्टा येथे फळबागांवर काम करताना पाण्याचा अतिरेक टाळण्याचे आणि फळे न चेपता दूरवर पाठविण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

पुसा येथे त्यांच्याकडे सहा बैलजोड्या होत्या. चांगल्या जमिनीत वाढलेला चारा त्यांना मिळे. शेजारच्या लाळ्या-खुरकुताने आजारी जनावरांशी त्यांचा संबंध येऊनही त्यांना रोग झाला नाही, हे हॉवर्ड यांनी पाहिले. जमीन, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य ही एकच साखळी आहे, हा त्यांचा विश्वास येथून दृढ झाला.

इंदूरचा खड्डा

पुसा येथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, कीटकशास्त्र अशी प्रत्येक शाखेची वेगळी चूल होती. पीक मात्र शेतात अखंड उभे असते. सर्व शाखांची भिंत पाडून पिकाचा एकत्रित अभ्यास करण्याची हॉवर्ड यांची इच्छा तेथे पुरी होईना. अखेर भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांच्या साह्याने १९२४ मध्ये इंदूर येथे नवी संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले.

समोरचा प्रश्न साधा पण बिकट होता. गरीब शेतकऱ्याला विकतचे खत परवडत नाही आणि असलेले शेण गोवऱ्या होऊन चुलीत जळते. मग जमिनीला खायला काय घालायचे? चीनमधील शेतकरी शतकानुशतके कचरा कुजवून जमिनीचा कस राखतात, हे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या ग्रंथातून त्यांना ठाऊक होते. त्या परंपरेला त्यांनी प्रयोगशाळेची जोड दिली. या कामात त्यांचे प्रमुख सहकारी होते यशवंत वाड. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील इंग्रजी ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासोबत वाड यांचेही नाव लेखक म्हणून आहे. इंदूर पद्धतीचा उल्लेख करताना हे नाव बहुधा गाळले जाते.

ही पद्धत अशी. कपाशीच्या व तुरीच्या काड्या शेतरस्त्यावर पसरून गाडीच्या चाकाखाली चुरायच्या. तण, पाला, ताग असे नाना प्रकारचे अवशेष त्यात मिसळायचे. हे मिश्रण उथळ खड्ड्यात थराथराने भरायचे. थरांमध्ये शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख घालायची. आधीच्या खड्ड्यातील थोडे अर्धे कुजलेले खत विरजणासारखे टाकायचे. ओल राखायची, पण चिखल होऊ द्यायचा नाही. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीन वेळा खालवर करायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवर ढीग रचायचा. तीन महिन्यांत काळेभोर, मातीचा वास असलेले खत तयार होते.

यामागचे शास्त्र हवेचे आहे. हवा मिळाली की आधी बुरशी आणि मग जिवाणू कामाला लागतात. ढीग इतका तापतो की तणांचे बी आणि रोगजंतू बव्हंशी नष्ट होतात. हवा कोंडली की ढिगाला दुर्गंधी येते. कर्ब आणि नत्र यांचे सुरुवातीचे प्रमाण सुमारे ३३ ला १ असावे, तयार खतात ते १० ला १ च्या आसपास येते, असे इंदूरला आढळले. शेतकऱ्यासाठी याचा हिशेब सोपा होता : तीन भाग वनस्पतींचे अवशेष, एक भाग जनावरांचे खत.

सन्मान आणि संघर्ष

१९३० मध्ये जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले आणि १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी त्यांनी गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९३५ मध्ये गांधीजींनी इंदूरची संस्था पाहिली. ‘हरिजन’मधूनही या पद्धतीची माहिती वाचकांपर्यंत गेली. भारत व सिलोनमधील चहाचे आणि केनियातील कॉफीचे मळे ही पद्धत वापरू लागले.

१९४० मध्ये आलेल्या ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथाने मात्र वादळ उठले. जमीन म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश भरण्याचे पोते नव्हे, ती सजीव आहे, ही त्यांची भूमिका खत उद्योगाला आणि अनेक शास्त्रज्ञांना रुचणारी नव्हती. तेही टोकाला गेले. बैलांवरील निरीक्षण हा नियंत्रित प्रयोग नव्हता. सारे रोग ह्यूमसच्या अभावाने होतात, हा त्यांचा सूर विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. पुढे १९६० च्या दशकातील हरितक्रांतीने धान्याची कोठारे भरली, ती रासायनिक खतांच्या बळावर, हेही नाकारता येत नाही. पण सेंद्रिय पदार्थ हरवलेली जमीन पाणी धरत नाही आणि तिच्यातील सूक्ष्मजीवसृष्टी उपासमारीने क्षीण होते, हे त्यांचे प्रतिपादन आज कृषिशास्त्र मान्य करते.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. ज्या देशाने त्यांना शेती शिकविली, तो स्वतंत्र होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. इंदूरच्या संस्थेच्या जागी पुढे कृषी महाविद्यालय आले. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली. तिचाही प्राण खेळती हवा हाच आहे.

गच्चीवरच्या नवशिक्यासाठी या चरित्राचा अर्थ एवढाच, की पहिला खर्च बाटलीवर नको, भोके पाडलेल्या बादलीवर व्हावा. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर त्याच्या दोन-तीन पट सुकी पाने, मूठभर जुने खत, हलका ओलावा आणि आठवड्यातून एकदा खालवर करणे. घाण वास आला तर सुका पाला वाढवायचा, ढीग थंड व कोरडा पडला तर पाणी शिंपडायचे. खत तयार झाले की कुंडीतल्या मातीत साधारण एक तृतीयांश मिसळायचे. रोप कोमेजले तर औषध शोधण्याआधी मातीत बोट खुपसून पाहायचे. पुसाच्या शेतात हॉवर्ड यांनी सुरुवात केली ती अशीच, आधी पाहण्यापासून.