गणितातला गुरू आणि आकाशातला गुरू: शंकर बाळकृष्ण दीक्षित

संध्याकाळी अमरावतीत गच्चीवर गेलात आणि पश्चिमेला एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसला, तर आपण काय करतो? आकाशाचं ॲप उघडतो, फोन त्या दिशेला धरतो. स्क्रीनवर नाव येतं, शुक्र. झालं काम.

पण हे नाव येतं कुठून? बहुतेक ॲप्समध्ये कॅमेरा ग्रह ओळखत नाही. ॲप फक्त तीन गोष्टी विचारतं: वेळ किती, तुम्ही कुठे आहात आणि फोन कुठल्या दिशेला वळलाय. बाकी सगळं गणित. हेच गणित कॅल्क्युलेटरही नसताना कागदावर करणारा एक मराठी शाळामास्तर होऊन गेला, शंकर बाळकृष्ण दीक्षित.

डिग्री नाही, पण नाद पक्का

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचा. महर्षी कर्वे वाढले तेच हे मुरूड. शिक्षण पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आणि पुढे मॅट्रिकपर्यंत. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी त्यांनी शाळेत नोकरी केली आणि शेवटी ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला आले. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात जुन्या पोथ्या गोळा करायच्या, त्यातलं ग्रहगणित सोडवायचं आणि ते आकाशाशी जुळतं का ते बघायचं, हा त्यांचा उद्योग.

'जुळतं का' हाच तेव्हाचा मोठा प्रश्न होता. महाराष्ट्रातली बरीच पंचांगं गणेश दैवज्ञाच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून तयार व्हायची. ग्रंथ एकदम हुशारीचा, पण १५२० च्या सुमाराचा. साडेतीनशे वर्षं अपडेट न केलेलं सॉफ्टवेअर समजा. छोटी छोटी चूक साचत गेली, आणि पंचांगातला ग्रह एकीकडे अन् आकाशातला दुसरीकडे दिसायला लागला. केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टकें' छापून नव्या गणिताची वाट उघडली होती. दीक्षित विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत सायन पंचांगाच्या बाजूने उभे राहिले. सायन म्हणजे ऋतूंशी बांधलेलं पंचांग. त्याने सणवारांच्या तारखाच हलल्या असत्या, म्हणून लोकांनी ते फारसं स्वीकारलं नाही. दीक्षितांनी मात्र आपलं मत बदललं नाही.

गुरू बघून राजाचं वर्ष काढलं

त्यांचं सगळ्यात भारी काम गुरूच्या मदतीने झालं. गुप्त राजांचा संवत नेमका कधी सुरू झाला, यावर अभ्यासकांचं एकमत नव्हतं. काही ताम्रपटांवर मात्र गुप्त वर्षासोबत 'महाआश्वयुज', 'महावैशाख' अशी संवत्सरांची नावं कोरलेली होती. ही नावं गुरूवरून पडतात.

गुरू दरवर्षी सुमारे महिनाभर सूर्याच्या तेजात हरवतो. आपल्याकडे गुरूचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त नसतात, तेच हे दिवस. मग तो पहाटे पूर्वेला परत दिसतो. ज्या नक्षत्रात दिसला, त्यावरून संवत्सराचं नाव ठरतं. म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी कुठल्या वर्षी गुरू कुठे उगवला हे काढता आलं, तर ताम्रपटाचं वर्ष तपासता येतं. दीक्षितांनी ते हाताने काढलं. जे. एफ. फ्लीट यांच्या १८८८ च्या गुप्त शिलालेखांच्या ग्रंथात हे गणित आहे, आणि त्याने इ.स. ३१९-२० या आरंभाला भक्कम आधार मिळाला.

१८९६ मध्ये रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत त्यांचं 'द इंडियन कॅलेंडर' आलं. त्यात इ.स. ३०० ते १९०० पर्यंतच्या तिथी इंग्रजी तारखांत बदलण्याची कोष्टकं आहेत. अवघड हिशोब एकदाच करून ठेवायचा आणि बाकीच्यांनी फक्त उत्तर शोधायचं. आज आपण याला लुकअप टेबल म्हणतो. त्यात गावोगावच्या रेखांशांचीही सोय आहे, कारण जुनं गणित उज्जैनच्या रेषेवरचं. अकोला तिच्यापासून पूर्वेला सुमारे ५ मिनिटं, अमरावती सुमारे ८. ॲप लोकेशनची परवानगी मागतं ते याच्याचसाठी. जुना शब्द आहे देशांतर.

त्याच वर्षी त्यांचा मोठा मराठी ग्रंथ 'भारतीय ज्योतिःशास्त्र' छापून आला. पुढे तो हिंदी आणि इंग्रजीतही गेला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, ते वारले. वय पंचेचाळीसही नव्हतं.

तुमच्यासाठीही एक पुस्तक

दीक्षितांनी फक्त पंडितांसाठी लिहिलं नाही. 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हे त्यांचं पुस्तक साध्या वाचकासाठी आहे. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. एका वेब सिरीजच्या एपिसोडएवढा वेळ.

तेवढ्या वेळात ॲप बंद ठेवून हे करून बघा. चंद्र कुठल्या ठळक ताऱ्याजवळ आहे ते आज लक्षात ठेवा. उद्या त्याच वेळी तो सुमारे १३ अंश पूर्वेला सरकलेला असेल. हात लांब केल्यावर मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे सव्वा मूठ. एवढ्यालाच एक नक्षत्र म्हणतात. चंद्राच्या याच वाटेवर जो ठिपका लुकलुकत नाही, तो बहुतेक ग्रह.

दुसरं, कार्तिकात कृत्तिकांचा पुंजका उगवताना बघा. चिखलदऱ्याला किंवा काटेपूर्णा धरणाच्या बाजूला अंधार चांगला मिळतो, फक्त पौर्णिमेचे दिवस टाळा. फोनचं होकायंत्र लावलं तर कृत्तिका पूर्वेपासून उत्तरेकडे साधारण २५ अंशांवर उगवताना दिसतील. शतपथ ब्राह्मणात मात्र त्या पूर्वेपासून ढळत नाहीत असं म्हटलंय. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, म्हणून हा फरक. त्यावरून दीक्षितांनी ते वर्णन इ.स.पूर्व ३००० च्या सुमाराचं ठरवलं. या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले. पण जुन्या वाक्याला आकाश दाखवून तारीख विचारायची, ही त्यांची रीत.

आणि ॲप वाईट नाही हं. फक्त आधी डोळ्याने अंदाज करा, मग ॲपला विचारा. दोन्ही जुळले तर मजा. नाही जुळले तर आधी फोनचं होकायंत्र कॅलिब्रेट करा. आकाशाला अपडेट लागत नाही.