नारायण हरी आपटे : पडद्यावर शेतकरी आणणारा कादंबरीकार

आरंभीच्या मराठी चित्रपटांचा विचार करताना आपल्याला दिग्दर्शकांची नावे सहज आठवतात. कथा देणारा लेखक मात्र बहुधा मागे राहतो. नारायण हरी आपटे (१८८९-१९७१) हे असेच एक लेखक होत.

आपटे यांचा जन्म सांगलीजवळील समडोळी येथे झाला आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव ही त्यांची कर्मभूमी ठरली. ‘अजिंक्यतारा’सारख्या ऐतिहासिक कादंबरीबरोबरच त्यांनी कौटुंबिक व सामाजिक कादंबऱ्याही विपुल लिहिल्या. पुण्या-मुंबईपासून दूर राहिल्यामुळे खेड्यातील जीवन त्यांच्या नित्य परिचयाचे होते. हा मुलूख कृष्णाकाठचा, पण नदी जवळ असली तरी शेतकऱ्याचे कर्ज फिटत नसे. सावकारी कर्जातून शेतकऱ्यांची सुटका व्हावी म्हणून सरकारने १८७९ मध्ये जो कायदा केला, तो लागू झालेल्या चार जिल्ह्यांत सातारा होता, हे येथे लक्षात घ्या.

१९२५ मध्ये बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात या चित्रपटाचा नायक देव वा राजा नव्हता; तो जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा शेतकरी होता. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. पुढे मात्र भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून त्याची नोंद झाली.

आपटे आणि शांताराम यांचा संबंध येथेच संपला नाही. आपटे यांच्या ‘भाग्यश्री’वरून ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘न पटणारी गोष्ट’ (१९२३) या कादंबरीवरून ‘कुंकू’ (१९३७) हे प्रभातचे चित्रपट शांताराम यांनीच दिग्दर्शित केले. ‘कुंकू’तील नायिका फसवून लावलेला जरठविवाह मान्य करीत नाही. शेतकरी असो वा स्त्री, लादलेल्या बंधनात सापडलेला माणूस हा आपटे यांच्या या कथांचा विषय आहे.

१९२५ च्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे कथा, छायाचित्रे आणि आठवणी यांवरूनच आपल्याला त्याची कल्पना करावी लागते. म्हणून चित्रपटाच्या इतिहासात लेखकाचे चरित्र हेही महत्त्वाचे साधन ठरते. आता आपल्या परिसरातील जमीन आणि कर्ज यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एखादी हकीकत आठवा आणि तिच्यातून कोणती कथा उभी राहील, हे दहा ओळींत लिहून पाहा.